विश्लेषण : कॉफी पिणाऱ्याने ऑफिसात कोणता चहा निवडावा?

नागापूर एमआयडीसीतला कारखाना असो, सावेडीतले खासगी कार्यालय असो की सुपे औद्योगिक वसाहतीतला दुपारचा ब्रेक. अकराला आणि चारला किटली येते ती चहाचीच. कॉफी पिणारा एखादाच असतो. त्याच्यासाठी कपाटात इन्स्टंट कॉफीची बाटली असते, नाहीतर मशीनचे बटण असते. हाच सहकारी एक दिवस म्हणतो, 'कॉफी कमी करायची आहे, चहा कोणता घेऊ?' कारण काहीही असू शकते. रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, डॉक्टरांनी सांगितले किंवा रोज वेगळा कप करत बसण्याचा कंटाळा आला.

यावर सगळ्यात आधी मिळणारा सल्ला असतो ग्रीन टीचा. पाकीट येते, आठ दिवस चालते आणि मग कपाटात पडून राहते. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्यांबरोबर टपरीचा कटिंग सुरू करणे. तो टिकतो, पण त्यात एक अडचण आहे. चहात कॉफीपेक्षा कॅफीन कमी असते, त्यामुळे तीच तरतरी यावी म्हणून कप वाढत जातात आणि प्रत्येक कपाबरोबर साखरही पोटात जाते. त्यामुळे कोणता चहा घ्यायचा हा प्रश्न चवीपुरता राहत नाही.

थोडक्यात

• आधी कॉफीत काय आवडते ते ठरवा : दूध, कडवटपणा, भाजका वास, तरतरी की नुसता ब्रेक. त्यावरून चहा निवडा.

• कॉफी कडू असते, चहा तुरट असतो. कॉफीवाल्याला खटकतो तो बहुधा तुरटपणा.

• 'कडक' चहासाठी पत्ती वाढवा, उकळण्याचा वेळ नको.

• साखर किटलीत नको, कपात घ्या.

• कॉफी एका दिवसात बंद करू नका.

चहा आणि कॉफीत नेमका किती फरक?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानुसार १५० मिलिलिटरच्या एका कपात पूड गाळून केलेल्या कॉफीतून ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीतून ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि चहातून ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन मिळते. दिवसभरात ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असेही त्यात म्हटले आहे.

या आकड्यांमधून दोन गोष्टी दिसतात. एक, फिल्टर कॉफी पिणाऱ्यासाठी चहाकडे वळणे ही मोठी उतरण आहे, तर इन्स्टंट कॉफी पिणाऱ्यासाठी तेवढी नाही. चांगला दाट चहा इन्स्टंट कॉफीच्या जवळपास पोहोचतो. दोन, हे आकडे १५० मिलिलिटरच्या कपाचे आहेत. टपरीवरचा कटिंग त्याच्या साधारण निम्मा असतो. म्हणजे एका कटिंगमधून १५ ते ३२ मिलिग्रॅमच कॅफीन मिळणार.

कॉफीच्या पाकिटावरची बारीक अक्षरेही वाचण्यासारखी असतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक कॉफींमध्ये चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीच्या मुळाची भाजलेली पूड. रंग गडद, चव कडवट, पण कॅफीन शून्य. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी, असा नियम आहे. बाकीचा भाग चिकोरीचा असू शकतो. अशी मिश्र कॉफी पिणाऱ्याच्या पोटात त्याला वाटते तेवढे कॅफीन जातच नसते. त्याला चहावर येणे सोपे जाते.

चव का जमत नाही?

मराठीत कडू आणि तुरट या दोन वेगळ्या चवी आहेत आणि इथे हा फरक कामाचा आहे. कॉफीचा कडवटपणा मुख्यतः बी भाजताना तयार होतो. चहाच्या पानात टॅनिन वर्गातली द्रव्ये भरपूर असतात. ती लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि जीभ कोरडी, आवळल्यासारखी वाटते. कच्चे जांभूळ किंवा सुपारी खाल्ल्यावर वाटते तसे. कॉफीच्या कडवटपणाची सवय झालेल्या जिभेला हा तुरटपणा नवा असतो. 'चहा पाणचट लागतो' आणि 'चहा घशाला लागतो' या दोन्ही तक्रारी एकच माणूस करतो, त्या यामुळेच.

दूध घातले की तुरटपणा कमी होतो. दुधातले केसीन हे प्रथिन टॅनिनला धरून ठेवते, त्यामुळे लाळेपर्यंत कमी टॅनिन पोहोचते. म्हणून दुधाचा चहा मऊ लागतो. बिनदुधाचा चहा प्यायचा असेल, तर मुळात कमी तुरट असलेलाच निवडावा लागतो.

तुमची कॉफी कोणती, त्यावरून चहा कोणता?

दूध-साखरेची इन्स्टंट कॉफी पीत असाल तर : आसामचा सीटीसी चहा. सीटीसी म्हणजे पाने चिरडून, फाडून आणि वळवून त्यांचे बारीक गोल दाणे करण्याची यंत्रपद्धत. १९३०च्या सुमारास ती आसामात सुरू झाली. आपल्या घरात आणि टपरीवर वापरली जाते ती बहुतेक चहा पावडर याच पद्धतीची. दाणा बारीक असल्याने रंग आणि दाटपणा लवकर उतरतो आणि दूध घातले तरी चव दबत नाही. दुकानात 'दाणेदार' आणि 'डस्ट' असे दोन प्रकार मिळतात. डस्ट अगदी बारीक असते, झटकन गडद होते, पण जरा जास्त उकळली की तुरट होते. ऑफिसात करायचा असेल तर दाणेदार घ्या.

काळी, बिनदुधाची कॉफी पीत असाल तर : सीटीसीचा कोरा चहा घेऊ नका, तो फार तुरट लागतो. त्याऐवजी 'ऑर्थोडॉक्स' पद्धतीचा, म्हणजे पान चिरडून दाणे न करता हलक्या हाताने वळलेला चहा घ्या. आसामचा ऑर्थोडॉक्स चहा गडद असतो आणि त्याला भाजलेल्या धान्यासारखा गोडसर वास असतो. काळ्या कॉफीची सवय असलेल्याला तो सगळ्यात जवळचा वाटेल. निलगिरीचा ऑर्थोडॉक्स त्याहून हलका आणि कमी तुरट असतो. दार्जिलिंगचे नाव मोठे आहे. भौगोलिक मानांकन मिळालेले ते देशातले पहिले उत्पादन. पण वसंतातल्या पहिल्या खुडणीचा दार्जिलिंग चहा फिका आणि फुलांच्या वासाचा असतो. कॉफीवाल्याला तो 'गरम पाणी' वाटण्याची शक्यता अधिक. दार्जिलिंगच घ्यायचा तर उन्हाळ्यातल्या दुसऱ्या खुडणीचा घ्यावा. तो अधिक भरीव असतो.

भाजका वास हवा असेल तर : जपानचा होजिचा हा भाजलेला ग्रीन टी आहे. भाजल्यामुळे त्याचा तुरटपणा उतरतो, रंग तपकिरी होतो आणि कॅफीनही कमी असते. चीनचा लापसांग सुचाँग हा पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला चहा आहे. त्याला चुलीजवळ बसल्यासारखा धुरकट वास येतो. चीनचाच मुरवलेला पु-अर चहा जवळपास कॉफीइतका काळा होतो आणि मातकट, गुळगुळीत लागतो. हे तिन्ही चहा किराणा दुकानात सहसा सापडत नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतात आणि महागही असतात. आधी छोटे पाकीट घेऊन पाहणे बरे.

फक्त ब्रेक हवा असेल तर : अनेकांना कॉफीपेक्षा खुर्चीवरून उठणे, गरम कप हातात धरणे आणि चार शब्द बोलणे हवे असते. दिवसातला तिसरा-चौथा कप बहुधा याच कारणासाठी घेतला जातो. त्या कपाला गवती चहा उत्तम. परसात, गच्चीवरच्या कुंडीत तो सहज येतो. नावात चहा असला तरी ते गवत आहे, चहाच्या झाडाशी त्याचा संबंध नाही. त्यात कॅफीन नसते. चार पाती आणि आल्याचा तुकडा गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवले की झाले. मात्र चहा पावडर घालून त्यात गवती चहा टाकला तर कॅफीन आलेच.

आणि ग्रीन टी? तो वाईट नाही, पण कॉफीवाल्यासाठी पहिली पायरी म्हणून चुकीचा. त्याची चव हिरवी, पालेभाजीच्या पाण्याजवळ जाणारी असते. शिवाय ऑफिसात तो उकळत्या पाण्यात केला जातो आणि त्यामुळे कडू-तुरट होतो. त्याला ७५ ते ८० अंशांचे पाणी आणि दोन-तीन मिनिटे पुरतात.

बिनदुधाचा चहा हे नवे खूळ आहे का?

नाही, आणि याचा एक पुरावा नगरमध्येच आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी 'भारत छोडो' आंदोलनाच्या वेळी काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना मुंबईत अटक झाली आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणण्यात आले. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव यांच्यासह तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद त्यात होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' याच किल्ल्यात लिहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. आझादांनी इथेच उर्दूत लिहिलेली पत्रे १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली.

या पत्रांमध्ये चहावर पानेच्या पाने आहेत. आझाद पहाटे, बाकीचे झोपेत असताना उठत, स्वतःच्या हाताने चहा करत आणि लिहायला बसत. त्यांचा चहा चिनी, 'व्हाइट जास्मिन' नावाचा, बिनदुधाचा. दूध घालून उकळलेल्या पेयाला चहा म्हणायला ते तयारच नव्हते. देशभरातून आलेले, वेगवेगळ्या सवयींचे नेते एकाच आवारात होते. पण आझादांनी आपला कप वेगळा ठेवला आणि तो का वेगळा, हेही सविस्तर लिहून ठेवले. ऑफिसात स्वतःचा डबा आणून कोरा चहा करणाऱ्याला कुणी हसले, तर त्याने नगरच्या किल्ल्याकडे बोट दाखवावे.

'कडक' चहा म्हणजे किती उकळायचा?

कॉफी सोडणाऱ्याची मागणी ठरलेली असते, 'मला कडक पाहिजे'. मग चहा दहा मिनिटे उकळला जातो. इथेच गडबड होते. कॅफीन पाण्यात लवकर उतरते. बारीक दाण्याच्या चहातून त्याचा मोठा भाग पहिल्या काही मिनिटांतच निघतो. टॅनिन मात्र नंतरही उतरत राहते. म्हणजे जास्त वेळ उकळल्याने तरतरी फारशी वाढत नाही, तुरटपणा वाढतो. तो झाकण्यासाठी आणखी साखर लागते.

साधा उपाय म्हणजे वेळ तोच ठेवून पत्ती वाढवणे. एका १५० मिलिलिटरच्या कपाला एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम, दाणेदार पावडर घेत असाल तर दीड चमचा घ्या. पाणी उकळल्यावर पावडर टाका, तीन-चार मिनिटांनी गाळा आणि गरम दूध वरून घाला. ऑफिसात गॅस नसतो, विजेची किटली असते, तिथेही हे जमते. फक्त कपावर झाकण ठेवा.

दोन चहांमधला कोणता आवडतो हे ठरवायचे असेल तर अंदाजाने कप करू नका. चहा चाखून पाहण्यासाठी 'आयएसओ ३१०३' नावाचे आंतरराष्ट्रीय मानकच आहे. १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटे. असा चहा चविष्ट होतोच असे नाही, पण दोन्ही कप एकाच मापाचे असल्याने तुलना खरी होते. लंच ब्रेकमध्ये दोन नमुने शेजारी ठेवून हे करून पाहता येईल.

नगरच्या पाण्याचा काही फरक पडतो का?

पडतो. शहराला मुळा धरणाचे पाणी मिळते. पण अनेक कार्यालयांत आणि कारखान्यांत बोअरचे पाणीही वापरले जाते आणि त्यात क्षार जास्त असतात. अशा जड पाण्यात केलेल्या कोऱ्या चहावर तेलकट दिसणारा पातळ थर येतो आणि कपाच्या कडेला तपकिरी डाग पडतात. ते तेल नसते. पाण्यातले कॅल्शियम आणि चहातली द्रव्ये यांच्यापासून हवेच्या संपर्कात तो थर बनतो. तो दिसायला वाईट, पण मुख्य तोटा चवीचा. चहा मंद, बेचव लागतो. बाटलीतला किंवा फिल्टरचा चहा करून एकदा तुलना करा. पत्ती बदलण्याआधी पाणी बदलून पाहणे स्वस्त पडते. कोऱ्या चहात लिंबू पिळले तर हा थर जातो आणि रंगही उजळतो. लिंबासाठी तर आपल्याला दूर जायला नको, श्रीगोंदा तालुका त्यासाठीच प्रसिद्ध आहे. फक्त दुधाच्या चहात लिंबू नको, दूध फाटेल.

समुद्रसपाटीपासून नगर साधारण साडेसहाशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळते. काळ्या चहाला ते पुरेसे आहे. पण थर्मासमध्ये तासभर ठेवलेल्या पाण्यात चहाची पिशवी बुडवली, तर चहा नीट उतरत नाही. मग दोष चहाला दिला जातो.

साखरेचे गणित काय आहे?

आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला आणि दुधासाठीही हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. म्हणजे कपातली फक्त पत्ती बाहेरून येते. पाहुण्याला फिका चहा देणे इथे कमीपणाचे मानले जाते. टपरीवरचा चहा तर साखर घालूनच उकळला जातो, त्यामुळे कमी साखर हा पर्यायच नसतो.

आता हिशेब करू. एखादा कर्मचारी दिवसाला चार कप इन्स्टंट कॉफी पितो, प्रत्येकात एक चमचा साखर. त्याला २०० ते २६० मिलिग्रॅम कॅफीन आणि साधारण १६ ग्रॅम साखर मिळते. तेवढेच कॅफीन कटिंगमधून मिळवायचे तर किमान आठ कटिंग लागतील. प्रत्येकात एकच चमचा धरला तरी ३२ ग्रॅम साखर झाली, दोन धरले तर ६४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, शक्यतो पाच टक्क्यांच्या. दोन हजार कॅलरीच्या आहारात पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. ही मर्यादा नुसत्या चहातच ओलांडली जाते. जेवण, बिस्किटे, थंड पेये वेगळीच.

गुळाचा चहा हा यावरचा उपाय नाही. चव वेगळी, पण गूळही साखरच आहे. मशीनचा चहा घेत असाल तर प्रीमिक्सच्या पाकिटावरील घटकांची यादी पाहा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर कितव्या क्रमांकावर आहे, त्यावरून बरेच कळते.

व्यवहारात जमण्यासारखे म्हणजे, चहावाल्याला किटली बिनसाखरेची आणायला सांगा आणि साखर वेगळी. रोजचे दहा-वीस कप घेणाऱ्या ऑफिससाठी तो हे सहज करतो. ज्याला गोड हवा तो घालून घेईल. प्रत्येकाने किती घातली, हे मग डोळ्यांना दिसते.

चहा जेवणाबरोबर का नको?

जे टॅनिन जिभेला तुरट लागते, तेच अन्नातल्या लोहाला बांधून ठेवते आणि ते शरीरात कमी शोषले जाते. वनस्पतींतून मिळणाऱ्या लोहाच्या बाबतीत हे जास्त होते. म्हणूनच २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा, असे सांगितले आहे.

आपल्या ताटाकडे पाहिले तर हे महत्त्वाचे आहे. बाजरीची भाकरी, मेथी, मटकी यांतून मिळणारे लोह याच प्रकारचे. डबा खाल्ल्याबरोबर चहा घेतला तर त्यातला काही भाग वाया जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांमध्ये रक्ताक्षय आढळला होता. ऑफिसातल्या महिला सहकाऱ्यांसाठी दीडच्या डब्यानंतरचा चहा तीनला ढकलणे हा बिनखर्चाचा बदल आहे. जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा असेल तर त्यातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. गरोदर महिलांनी दिवसभराचे कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्था सांगते. यात चहा, कॉफी आणि कोला सगळे धरायचे.

आम्लपित्तासाठी कॉफी सोडत असाल, तर चहाकडून फार अपेक्षा ठेवू नका. रिकाम्या पोटी घेतलेला दाट चहाही अनेकांना त्रास देतो. त्रास सुरूच राहिला तर चहाचा प्रकार बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा.

कॉफी एकदम बंद केली तर?

डोके दुखू शकते. रोज कॅफीन घेणाऱ्याने ते अचानक थांबवले तर १२ ते २४ तासांत डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड, कामात लक्ष न लागणे अशी लक्षणे सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत ती सर्वाधिक असतात आणि दोन ते नऊ दिवस टिकू शकतात. 'चहा मला सोसत नाही' असे चौथ्या दिवशी म्हणणाऱ्याला खरे तर कॉफी बंद झाल्याचा त्रास होत असतो.

त्यामुळे टप्पे करा. चार कप कॉफी असेल तर पहिल्या आठवड्यात फक्त दुपारचा एक कप चहाचा करा. दुसऱ्या आठवड्यात दोन. सकाळची पहिली कॉफी सगळ्यात शेवटी बदला, कारण सवय तिथेच घट्ट असते. तीही सोडलीच पाहिजे असे नाही. सकाळी एक कॉफी आणि दिवसभरात दोन चहा, एवढ्यावर थांबले तरी ३०० मिलिग्रॅमच्या आत राहता येते.

रात्रपाळीवाल्यांनी काय करावे?

शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप तासाभराहून अधिक कमी झाल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. कारखान्यातली रात्रपाळी सकाळी सात वाजता सुटत असेल आणि घरी जाऊन नऊला झोपायचे असेल, तर दाट चहा मध्यरात्रीपर्यंत घ्या. पहाटे तीननंतर गवती चहा किंवा आल्याचे पाणी. दिवसपाळीत हाच नियम लावला तर चारचा कप हा कॅफीनचा शेवटचा कप ठरतो.

ऑफिसात व्यवस्था कशी लावायची?

फार सामान लागत नाही. विजेची किटली, झाकणाचा कप, स्टीलची गाळणी आणि हवाबंद डबा एवढे पुरते. चहा वास पटकन धरतो. कॉफीच्या उघड्या बाटलीशेजारी किंवा मसाल्याच्या डब्याजवळ ठेवू नका. पहिल्यांदा घेताना शंभर ग्रॅमपेक्षा मोठे पाकीट नको.

सुटी चहा पावडर घेतली तर एक चाचणी घरी होते. ओल्या गाळण कागदावर थोडी पावडर पसरा, थोड्या वेळाने पावडर काढून कागद उजेडात पाहा. रंगाचे डाग उमटले तर पावडरीत रंग मिसळलेला असण्याची शक्यता आहे.

कागदी कपांचाही विचार करा. त्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की असा कप १०० मिलिलिटर गरम पेय घेऊन १५ मिनिटे राहिला तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. टेबलावर बोलत बोलत चहा घेणाऱ्याला १५ मिनिटे सहज लागतात. स्वतःचा स्टीलचा किंवा चिनीमातीचा कप ठेवणे चवीसाठीही बरे.

मग नेमकी सुरुवात कशाने करावी?

दुधाची कॉफी पिणाऱ्याने दाणेदार आसाम सीटीसीने, काळी कॉफी पिणाऱ्याने आसाम किंवा निलगिरी ऑर्थोडॉक्सने. दोन आठवडे रोज एकच कप, ठरलेल्या मापाने, जेवणापासून तासभर दूर आणि साखर स्वतःच्या चमच्याने. जीभ तुरटपणाला तेवढ्या वेळात सरावते. त्यानंतरही आवडला नाही तर चहा बदला. आणि तिसरा चहाही जमला नाही, तर कॉफीच प्या, फक्त कप मोजून.